ग्रिम फॅन्डँगो रिमास्टर्ड: रिव्ह्यू वाचून डोकं फिरलेल्यांसाठी नेहमीचे प्रश्न

सोयाबीनची सवंगणी चालू असते तोवर मला कोणी काही विचारत नाही. दिवाळी सरली, हातात दोन पैसे आले की मग मेसेज सुरू होतात, भाऊ तो कवट्यांचा गेम घेऊ का, भाऊ रिव्ह्यू तर मस्त आहेत पण काही लोकं शिव्या पण देऊन राहिले, नेमकं काय समजायचं. दारव्ह्याच्या बाजूच्या गावात बसून जुने गेम खेळतो अन् त्यावर लिहितो, एवढीच माझी पात्रता. दरवेळी तेच टाईप करून बोटं दुखली म्हणून सगळं एका ठिकाणी टाकतोय. गोष्ट फोडलेली नाही, एका कोड्याचं उत्तर तेवढं आहे, तिथं आधी सांगतो.

भाऊ, हा गेम हाय तरी काय? थोडक्यात सांग ना.

मेलेल्यांच्या देशातला ट्रॅव्हल एजंट. नाव मॅनी कॅलवेरा, हाडांचा सापळा, वरून सूट. इथं माणूस मेला की त्याला शेवटच्या मुक्कामाला पोचायला चार वर्षं लागतात, पण जिवंतपणी चांगला वागला असेल तर 'नंबर नाईन' नावाच्या गाडीचं तिकीट मिळते अन् तीच वाट चार मिनिटांत सरते. बाकीच्यांना आपापल्या पुण्याईप्रमाणे, काहीच नसेल तर पायी जा. ही पॅकेजं विकायचं काम मॅनीचं. मग त्याच्यासमोर मेचे नावाची बाई येते, आयुष्यभर लोकांचं भलं केलेली, अन् कॉम्प्युटर म्हणतो हिच्या नावावर काही नाही. यादीत नावच नाही म्हणणारा कॉम्प्युटर आपल्यापैकी कोणाला नवीन नाही, त्यामुळे गोष्ट तिथूनच आपली वाटायला लागते. हा घोटाळा शोधता शोधता चार वर्षं जातात, गेमचे भागही तसे चार. दिसायला मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवसाचे सापळे आणि अमेरिकेतले जुने काळे-पांढरे गुन्हेपट, दोन्ही एकत्र. इथं निशाणेबाजीचं काम नाही, लोकांशी बोलायचं, वस्तू उचलायच्या अन् कुठं वापरायच्या ते डोकं लावायचं.

रिमास्टर म्हणजे नवीनच गेम का? अन् रिमेक वेगळा असते का?

आमच्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे, आजोबांनी सुताराकडून करून घेतलेला. दरवर्षी पोळ्याआधी त्याला घासायचं, नवा रंग द्यायचा, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. लाकूड तेच, चाकं तीच, मागचं डावं चाक माझ्या लहानपणीही कुईकुई करायचं अन् आता माझं पोरगं दोरी ओढते तरी कुईकुईच करते. हा झाला रिमास्टर. नवीन सागवान आणून त्याच मापाचा दुसरा नंदी कोरला तर तो रिमेक. १९९७ चा रिव्हन नावाचा गेम सायन कंपनीनं २०२४ मध्ये अख्खा नव्यानं उभा केला, तो रिमेक. ग्रिम फॅन्डँगोत नंदी १९९८ चाच आहे. या गेमचा कोणताही रिव्ह्यू हातात घेतला की पहिलं हेच बघायचं, हा माणूस नंदीबद्दल बोलून राहिला का रंगाबद्दल.

मूळ गेमले तेव्हा लोकं काय म्हणाले होते?

डोक्यावर घेतला. ३० ऑक्टोबर १९९८ ला लुकासआर्ट्स नावाच्या कंपनीनं काढला, मुख्य डिझायनर टिम शेफर. गेमस्पॉट या गेमवर लिहिणाऱ्या साईटनं त्याला त्या वर्षीचा पीसीवरचा सर्वोत्तम गेम ठरवलं, अन् लक्षात घ्या, ते वर्ष हाफ-लाईफ, स्टारक्राफ्ट अशा तगड्या गेमचं होतं. मेटाक्रिटिक या रिव्ह्यूंचे मार्क गोळा करणाऱ्या साईटवर मूळ गेमचा आकडा आजही शंभरपैकी ९४ दिसतो. कौतुक झालं ते लिखाणाचं, टोनी प्लानानं मॅनीला दिलेल्या आवाजाचं, पीटर मॅककॉनेलच्या संगीताचं. तक्रारी तेव्हाही होत्या, चालवायला त्रासदायक अन् काही कोडी डोक्यावरून जाणारी. म्हणजे २०१५ मध्ये ज्या तक्रारी वाचल्या त्यातल्या अर्ध्या जुन्याच, चाकाची कुईकुई.

एवढा गाजला तर कंपनीनं असे गेम बंद काऊन केले?

कौतुक अन् खप यांचं जुळलं नाही. त्या काळात लोकं थ्रीडी बंदुकीच्या गेमकडे पळत होते, बसून डोकं खाजवायचे गेम मागे पडत होते, अन् इथं आवाज, ॲनिमेशन, संगीत यावर खर्च मोठा. लुकासआर्ट्सनं त्यानंतर याच इंजिनवर (गेम ज्यावर चालते ते सॉफ्टवेअर) २००० मध्ये मंकी आयलंड या आपल्याच जुन्या गेमचा एक भाग काढला अन् मग हा धंदाच गुंडाळला. ग्रिमनं एकट्यानं ॲडव्हेंचर गेम, म्हणजे हे गोष्ट अन् कोड्यांचे गेम, मारले असं काही लोकं लिहितात ते मला पटत नाही, आजारी माणसाला शेवटी भेटायला गेला त्याच्यावर आळ यायचा तसं ते आहे.

रिमास्टर कोणी काढला? कशाकशावर चालते?

डबल फाईननं, म्हणजे टिम शेफरच्याच पुढच्या कंपनीनं. मधे लुकासआर्ट्सची मालक कंपनी लुकासफिल्म डिस्नीकडे गेली होती, २०१३ मध्ये लुकासआर्ट्सचा स्टुडिओ बंद झाला, मग सोनीच्या मदतीनं हक्काचं जमलं अन् २७ जानेवारी २०१५ ला पीसी, अन् सोनीच्या पीएस४ आणि हातात धरून खेळायच्या व्हिटावर आला. त्याच वर्षी मोबाईलवर, २०१८ मध्ये निन्टेंडो स्विचवर, २०२० मध्ये एक्सबॉक्सवर. मी पीसीवर खेळलोय, खालचं सगळं त्याच अनुभवावर.

मग २०१५ मध्ये रिव्ह्यू कसे आले? चांगले का वाईट?

चांगले, पण "हो, पण" वाले. बहुतेकांचा सूर असा की गोष्ट, संवाद, पात्रं आजही तोडीस तोड, संगीत तर आधीपेक्षा भारी, डेव्हलपर कॉमेंट्री, म्हणजे खेळताना ऐकू येणाऱ्या बनवणाऱ्यांच्या गप्पा, तर खजिना. पुढच्या परिच्छेदात मात्र तेच लोक कुरकुर करतात, पाठीमागची दृश्यं नवी केली नाहीत, मधल्या व्हिडिओंवर जुनेपणा दिसतो, कोड्यांना मदत नाही, ऑटोसेव्ह (आपोआप सेव्ह व्हायची सोय) नाही, बग (प्रोग्राममधल्या चुका) आहेत. अन् खाली मार्क भरघोस! यात लबाडी नाही. समीक्षकांपैकी बरेच जण हा गेम तरुणपणी खेळलेले, त्यांनी मार्क नंदीला दिले अन् तक्रार रंगाची केली. तुम्ही हा गेम कधी पाहिलाच नसेल तर तुम्हाला त्यांच्या मार्कांपेक्षा त्यांच्या तक्रारी जास्त कामाच्या आहेत, कारण त्यांच्या डोळ्यांवर जो जुन्या प्रेमाचा चष्मा आहे तो तुमच्याकडे नाही.

जुन्याले ९४ अन् नव्याले ऐंशीच्या घरात, म्हणजे नवा बिघडवला का?

नाही बे. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायचीच नाही. मेटाक्रिटिक वेगवेगळ्या रिव्ह्यूंच्या मार्कांची सरासरी काढते, काहींना जास्त वजन देते. १९९८ चे रिव्ह्यू लिहिणारे वेगळे, त्यांच्यासमोर १९९८ चे बाकीचे गेम. २०१५ वाल्याला दोन प्रश्नांचं उत्तर एकाच आकड्यात द्यायचं होतं, गेम कसा आहे अन् डागडुजी कशी झाली. पहिल्याला ९ अन् दुसऱ्याला ७ द्यावेसे वाटले तर छापतो ८. पीएस४ अन् पीसीचे आकडेसुद्धा एकसारखे नाहीत, तिथं रिव्ह्यू लिहिणारे लोकच वेगळे, गेम तोच. आपल्याकडे कापसाचा भाव सांगताना ओल किती धरली ते आधी विचारतात ना, तसं आकडा बघताना त्यात काय काय धरलंय ते विचारायचं.

ग्राफिक्समध्ये नेमकं काय बदललं? मले तर फरकच दिसत नाही.

पात्रं बघ, पाठीमागचं नको बघू. चेहऱ्यांवरची अन् कपड्यांवरची चित्रं जास्त बारकाईनं पुन्हा केली, उजेड-सावली नवीन टाकली. मॅनी खिडकीच्या पडद्यापाशी उभा राहिला की त्याच्या सूटवर पट्ट्यापट्ट्यांची सावली पडते, ती मूळ गेममध्ये अशी नव्हती. खेळता खेळता एक बटण दाबलं की जुनं रूप, पुन्हा दाबलं की नवं. पहिल्याच ऑफिसात उभा राहून दहा वेळा दाबून बघ, फरक कळेल अन् कुठं फरक नाही तेही कळेल. स्क्रीन मुळात जुन्या टीव्हीच्या आकाराची आहे, रुंद करायचा पर्याय दिलाय पण त्यात चित्र नुसतं ताणलं जाते, मॅनी लग्नाच्या पंगतीत महिनाभर जेवल्यासारखा दिसतो. मी बंदच ठेवतो.

बॅकग्राउंड तसंच ठेवलं हा आळस नाही का?

बऱ्याच रिव्ह्यूंत हा राग दिसतो, अर्धा पटतो. मूळ गेममध्ये पात्रं थ्रीडी पण पाठीमागची जागा म्हणजे आधीच काढून ठेवलेलं स्थिर चित्र. ते मोठ्या आकारात स्वच्छ हवं असेल तर ज्या फायलींवरून ते काढलं त्या लागतात, सॉफ्टवेअर त्या काळचं लागते, नाहीतर प्रत्येक जागा हातानं पुन्हा उभी करायची. इथं तर जुनं सामान बॅकअपच्या टेपांवर होतं अन् त्या टेपा वाचणारी मशीनच शोधत फिरावी लागली. म्हणून आळस म्हणणार नाही, बजेट म्हणेन. पण एक आहे, नवीन चकचकीत मॅनी जुन्या धुरकट भिंतीसमोर उभा केला की तो चिकटवल्यासारखा दिसतो, हे ज्यांनी लिहिलं ते खोटं बोलत नाहीत. याच कंपनीनं पुढं २०१६ मध्ये डे ऑफ द टेंटॅकल पुन्हा काढला तेव्हा सगळी चित्रं नव्यानं रंगवली, तो सपाट कार्टूनसारखा गेम होता, तिथं ते जमण्यासारखं होतं.

संगीताचं सगळेच कौतुक करतात, मले संगीतातलं काही कळत नाही, मले काय फायदा?

हेडफोन लाव अन् गेममधल्या रुबाकाव्हा शहरात नुसता फिर. १९९८ मध्ये जॅझ अन् मेक्सिकन मारियाचीचे काही भाग खऱ्या वादकांनी वाजवले होते, पण मोठ्या ऑर्केस्ट्राचे भाग कॉम्प्युटरच्या तयार आवाजांवर भागवले होते. रिमास्टरसाठी ते मेलबर्न सिम्फनी ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतले. सनईच्या जागी कीबोर्डवर सनईचं बटण दाबतात अन् खरी सनई वाजते, यातला फरक कळायला आपल्याला कुठं शिकवणी लागली? या एका बाबतीत नंदी अन् रंग दोन्हीला पूर्ण मार्क.

टँक कंट्रोल म्हणजे काय? लोकं एवढे चिडतात काऊन?

वरचं बटण दाबलं की मॅनी ज्या बाजूला तोंड करून उभा आहे तिकडे चालते, डावं-उजवं दाबलं की जागच्या जागी फिरते. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट गल्लीत मागे घेतल्यासारखं. मूळ गेममध्ये एवढंच होतं, माऊस चालतच नव्हता. रिमास्टरमध्ये साधे कंट्रोल आले, पीसीवर माऊसनं क्लिक करायची सोय आली, अन् या माऊसच्या सोयीची वाट आधी एका चाहत्यानं स्वतः गेममध्ये बदल करून, म्हणजे मॉडमधून, दाखवली होती. तरी जुनं हवं त्याला ते ठेवलंय, अख्खा गेम टँक कंट्रोलवर संपवला तर वेगळी ट्रॉफी पण देतात. मी प्रयत्न केला, दोन तासांत सोडून दिला. एक कटकट माऊसनंही गेली नाही: वस्तू शोधायची तर मॅनी कोटाच्या आतून एकेक काढून दाखवते, पंधरा वस्तू झाल्या की जीव जातो.

ऑटोसेव्ह नाही म्हणतात. आजकालच्या गेममध्ये असं असते का?

मी खेळलो त्यात नव्हतं, अन् सगळ्या रिव्ह्यूंतली ही एकच ओळ मी आधी मनावर घ्यायला पाहिजे होती. समीक्षकांनी ती कशी लिहिली, की बग आला, गेम अडकला, मागची मेहनत गेली. बाहेर आला तेव्हा बग बऱ्यापैकी होते, पुढं दुरुस्तीचे पॅच आले. पण त्यांच्याकडे गेम बंद पडायचं एकच कारण होतं, बग. आपल्याकडे दुसरं आहे ना.

मागच्या जानेवारीतली गोष्ट, थंडी चांगली पडलेली, रात्री अकरा वाजता मी रुबाकाव्हात. अडीच तास झालेले, मांजरांच्या शर्यतीचं कोडं एकदाचं सुटलेलं, एकटाच हसून राहिलो होतो, अन् लाईन गेली. माझा जुना डेस्कटॉप, इन्व्हर्टरवर फक्त पंखा अन् एक बल्ब. अंधारात बसून आठवून राहिलो की शेवटचं सेव्ह कधी केलं होतं, तर जेवायच्या आधी. सकाळी पाचला लाईन आली तेव्हा मोटार चालू करायला शेतात जायचं होतं. आठ दिवस गेमकडे पाहिलं नाही.

तर नियम असा: कोडं सुटलं की सेव्ह, नवीन जागी पाय ठेवला की सेव्ह, चहा प्यायला उठलात तरी सेव्ह. एकाच नावावर पुन्हा पुन्हा करू नका, तीन-चार वेगवेगळे ठेवा, कारण बगमध्ये अडकलेली जागा सेव्ह झाली तर मागे जायला काहीतरी पाहिजे. लॅपटॉपवाल्यांनी बॅटरी जिवंत आहे का ते आधी बघावं.

कोडी एवढी अवघड का? एखादं उदाहरण दे ना.

(इथं पहिल्या वर्षातल्या एका कोड्याचं उत्तर आहे, नको असेल तर हा प्रश्न सोडा.) दगड झालेल्या झाडांचं जंगल आहे, त्यात रुबाकाव्हाची पाटी रोवलेली. पाटी दाखवते तिकडे गेलं की रस्ता सापडत नाही, माणूस फिरून फिरून तिथंच. उत्तर असं की पाटी उपटायची, दुसऱ्या मोकळ्या जागी नेऊन रोवायची, मग ती स्वतः फिरून खरी दिशा दाखवते. आता पाटी उपटावी हे कोणाला सुचणार? मला तीन दिवस सुचलं नाही, चौथ्या दिवशी चिडून प्रत्येक वस्तू उचलून बघत होतो तेव्हा हातात आली.

या एका मुद्द्यावर समीक्षकांचे दोन गट पडले. एक म्हणते हीच त्या काळची मजा, दुसरं म्हणते निदान मदतीचं बटण तरी द्यायचं होतं. मी दुसऱ्या गटात, कारण मंकी आयलंडची २००९ ची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात हळूच इशारा देणारी सोय होती, म्हणजे जमत नाही असं नाही. पण सगळी कोडी अशी नाहीत हे पण लिहिलं पाहिजे, ऑफिसात निरोपाच्या नळ्या तुंबवायचं कोडं एवढं सुरेख आहे की सुटल्यावर स्वतःचीच पाठ थोपटावी वाटते.

यूट्यूबवर उत्तर पाहिलं तर चीटिंग झाली का?

झाली तर झाली, परीक्षा थोडीच आहे. अर्धा तास एकाच जागी अडकलात तर बघा, फक्त व्हिडिओ पुढं पळू देऊ नका, पुढची गोष्ट फुटते. लिहिलेला वॉकथ्रू (टप्प्याटप्प्यानं उत्तरं सांगणारा लेख) बरा, एक ओळ वाचून बंद करता येते.

इंग्रजी कच्चं हाय माझं. जमल का?

मराठी-हिंदी नाही. सबटायटल आहेत, मॅनी बोलते स्वच्छ, मधे स्पॅनिश शब्द टाकते ते नाही कळले तरी चालते. मात्र सगळं कौतुक संवादांचं आहे अन् विनोद शब्दांचे आहेत, हे आधी सांगतो. माझा मावसभाऊ अन् मी शेजारी बसून खेळलो, तो वाचायचा, मी डोकं लावायचो. एकट्यापेक्षा दोघांत जास्त मजा येते.

माझा पोरगा नऊ वर्षांचा हाय, कवट्या पाहून लय खुश झाला. देऊ का?

मॅनी सारखी सिगारेट ओढते, दारू आहे, जुगार आहे, पिस्तूल पण. रक्त नाही, इथं कोणाला 'मारलं' की त्याच्या हाडांतून फुलं उगवतात, दिसायला सुंदर अन् विचार केला तर भयंकर. अमेरिकेत रेटिंग तेरा वर्षांपुढचं आहे. नऊ वर्षांच्या पोराला भीती वाटणार नाही, कंटाळा येईल. दोन-तीन वर्षं थांबा.

घरचे म्हणतात मेलेल्या माणसांचा गेम घरात नको. काय सांगू?

आमच्या आईनंही विचारलं होतं, हे काय सापळे घेऊन बसला. मी तिला एवढंच सांगितलं की तिकडे मेक्सिकोत वर्षातून एकदा मेलेली माणसं घरी येतात असं धरतात, त्यांच्यासाठी आवडीचं जेवण मांडतात, फुलं लावतात, झेंडूचीच. ती म्हणाली मग आपण पितरांना घास टाकतो त्यात अन् यात फरक काय, अन् भाकरी थापायला गेली. पुढच्या रविवारी मागं उभी राहून विचारत होती, त्या बाईला तिकीट भेटलं का. तिकडच्या रिव्ह्यूंत मृतांच्या देशाची कल्पना किती वेगळी म्हणून लिहितात. आपल्याकडे पुण्याईचा हिशेब, वाटेतले अडथळे हे सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं असते, आपल्याला नवल वाटते ते या सगळ्याचं ऑफिस असण्याचं.

माझ्या मामाकडे मूळ सीडी हायेत. मग रिमास्टर कायले घेऊ?

सीडी दोन असल्या पाहिजेत, एकच असेल तर अर्धाच गेम. आजच्या विंडोजवर मूळ गेम सरळ टाकला तर भांडते, काही कोडी वेगावर अवलंबून होती अन् मशीन फार फास्ट झाली की तीच अडायची. यावर उपाय म्हणजे स्कमव्हीएम नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, २०२१ पासून त्यात ग्रिम फॅन्डँगो चालते. मग संगीत जुनं, कॉमेंट्री नाही, पण गेम पूर्ण. पैसे वाचवायचे असतील तर हेच करा अन् लाज वाटू देऊ नका, नंदी दोन्हीकडे तोच आहे. रिमास्टरसाठी मशीन कसं लागते ते स्टोअरच्या पानावर लिहिलेलं असते, जुन्या लॅपटॉपवाल्यांनी ग्राफिक्सची अट वाचूनच पैसे भरा.

कॉमेंट्री चालू ठेवून पहिल्यांदा खेळलं तर चालते का?

नको. बनवणारे लोक गप्पा मारतात, मस्त मारतात, पण बोलता बोलता पुढचं सांगून जातात. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना ती एवढी आवडली कारण त्यांना शेवट आधीच माहीत होता. एकदा संपवा, मग लावा.

मी मूळ गेम २००५ मध्ये पूर्ण खेळलो. मले पुन्हा घ्यावा का?

कोडी आठवत असतील तर गेम एका शनिवार-रविवारात संपते, मग पैसे संगीताचे अन् कॉमेंट्रीचे दिले असं समजायचं, मला तरी ते वसूल वाटले. कोडी विसरला असशील तर सरळ घे, सेल लागला की. जंगलातली पाटी मात्र तुला आठवतच असेल.